मुलांबरोबर घरी केलेले नकाशे : कागद, पुठ्ठा, कापड, माती

पाऊलखुणा | ९ जून, रात्री ९:५०

मे महिन्यात मुलांना घेऊन पंधरा दिवस माहेरी होते, राजापूर तालुक्यात. लेक नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. निघायला चार दिवस उरले तेव्हा धाकटा म्हणाला, "आई, पुण्याला गेल्यावर मला हे घर आठवणार नाही. तू काढून दे." मी काढून दिलं नाही. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं दिली आणि म्हटलं, तूच काढ.

त्याने काढलेल्या नकाशात विहीर घरापेक्षा मोठी आहे. काळीकुट्ट, आणि भोवती लाल खडूचं कडं. कारण तिथे एकट्याने जायचं नाही, हे त्याला दिवसातून दहा वेळा ऐकवलं जायचं. गोठ्यातून नागमोडी रेघा थेट पडवीपर्यंत आल्या आहेत. तो शेणाचा वास. माजघर नाहीच, कारण तिथे अंधार असतो आणि धाकटा तिथे कधी थांबत नाही. मी एक रेघही बदलली नाही.

लेकीला मात्र 'खरा' नकाशा हवा होता. तिला मी पंडित नैनसिंग रावतांची गोष्ट सांगितली. कुमाऊंचे हे शाळामास्तर १८६५-६६ साली वेश बदलून ल्हासापर्यंत पोचले आणि सगळी वाट पावलांनी मोजली. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले होते, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. हे ऐकल्यावर तिने आजीची माळ मागितली. आजीने ती दिली नाही, पण नाडीत दहा बटणं ओवून दिली. दहा पावलांना एक बटण.

आधी खळ्यात (घरापुढच्या अंगणात) मोजपट्टीने वीस मीटर आखले. ती नेहमीच्या चालीने चालली, ३६ पावलं झाली. म्हणजे तिचं एक पाऊल साधारण ५५ सेंटिमीटर. मग चौकटीच्या वहीत एक चौकट = दहा पावलं धरली. बेड्यापासून (आवाराच्या फाटकापासून) निघायचं, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरायची, विहीर, पऱ्याचा (ओढ्याचा) काठ, मग गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने आगरातून (नारळी-पोफळीच्या बागेतून) पुन्हा बेड्याशी. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघायची.

फेरी पूर्ण झाली, नकाशा मात्र जुळला नाही. कागदावर ती बेड्यापासून जवळपास तीन चौकटी लांब पोचली. रडली. रात्री जेवतानाही बोलली नाही. सकाळी स्वतःच पाखाडीवर जाऊन बसली आणि तिथून ओरडली, "आई, पायरी म्हणजे पाऊल नाही!" पाखाडीच्या ६४ पायऱ्या तिने ६४ पावलं म्हणून मोजल्या होत्या. पायरी जेमतेम फूटभर रुंद. म्हणजे ६४ पायऱ्यांची जमिनीवरची लांबी तिच्या ३५ पावलांइतकीच. फरक २९ पावलांचा, तीन चौकटींचा! तिने पुन्हा काढला आणि वाट बेड्याला येऊन मिळाली. त्या वेळचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

आता दोन्ही नकाशे पुण्यात आलेत आणि मुलांना ते मोठे करून भिंतीवर लावायचे आहेत. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाखाडीची उंची कशी दाखवू? पावसाळ्यात टिकेल असं काय वापरू? आणि धाकट्याला 'खजिन्याच्या नकाशासारखा जुना कागद' हवाय, तो घरी कसा करतात? तुम्ही मुलांबरोबर केलेले नकाशेही इथे सांगा.

शेवंती_०७ | ९ जून, रात्री १०:२२

गायीचा वास! फार आवडलं. वाचनखूण साठवली आहे.

बांधावरून | १० जून, सकाळी ६:१५

ताई, मी बत्तीस वर्षं मोजणी खात्यात होतो. तुमच्या लेकीची फेरी जुळली नाही आणि तिने चूक कुठे झाली ते शोधलं, हे वाचून फार आनंद झाला. आम्हीही मोजणी सुरू केलेल्या ठिकाणी परत येऊन मिळवणी करायचो. जुळलं नाही की पुन्हा फिरायचं. कागदावर खाडाखोड करून जुळवायचं नाही, ही पहिली शिकवण. तिला ती पाखाडीने दिली.

मुलांसाठी एक खेळ सांगतो. सुंभाची किंवा नायलॉनची ३३ फूट दोरी घ्या. जुन्या मोजणीतली साखळी इतकीच असायची, तिचे १६ भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. मुलांनी दोरीला सोळा ठिकाणी रंगीत चिंध्या बांधाव्यात. आता मैदानावर ३३ फूट बाय ३३ फूट चौरस आखा. तो झाला एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. 'गुंठा' हा शब्द मुलं घरात शंभर वेळा ऐकतात, पण त्यात उभं राहिल्याशिवाय तो कळत नाही. माझ्या नातवंडांनी एका गुंठ्यात किती जण झोपू शकतील ते स्वतः आडवं होऊन मोजलं.

वाकडातिकडा तुकडा काढायचा असेल तर मधून एक सरळ दोरी ताणा. तिच्यावरून चालत जा आणि प्रत्येक कोपरा दिसला की दोरीपासून त्याच्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजून लिहा. कागदावर आधी मधली रेघ, मग डावी-उजवी अंतरं, मग टोकं जोडायची. आकार आपोआप उमटतो. हे पहिल्यांदा होताना बघणं मुलांना जादूसारखं वाटतं, आणि मला अजूनही वाटतं.

तुरखाटी | १० जून, दुपारी २:०५

मी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटजवळ प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे नकाशा आधी जमिनीवर होतो, मग कागदावर. पटांगणात चुन्याने नदी आणि रस्ता आखतो. घरं म्हणजे काडेपेट्या, कुंपण तुराट्यांचं, कापसाच्या शेताला खरी बोंडं. चौथीची मुलं त्यात स्वतः उभी राहतात. एकाने दगड ठेवला की दुसरा म्हणतो, "अबे, तुहं घर तिकडं नाही, पाराच्या अलीकडं आहे." ही भांडणं मी सोडवत नाही. ती दोघं जाऊन बघून येतात.

आमच्या हिंगणघाटलाच विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हा माणूस दक्षिणेकडून मोजत मोजत इथवर आला आणि १८२३ मध्ये इथेच वारला. त्याचं कोन मोजण्याचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. मुलांना ती कबर दाखवली आणि सांगितलं की याने आधी काही मैल जमीन साखळीने मोजली, नंतर टेकड्यांवरून, देवळांवरून नुसते कोन मोजत पुढे गेला, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे एकच बाजू चालायची, बाकी बघायचं." मी तिला फळ्याजवळ बोलावून हेच पुन्हा सगळ्यांना सांगायला लावलं.

होकायंत्रापेक्षा सावलीने दिशा काढा. सरळ काठी रोवायची. सकाळी सावलीच्या टोकाला खूण करायची आणि तेवढ्याच अंतराने काठीभोवती वर्तुळ काढायचं. दुपारनंतर सावली पुन्हा त्या वर्तुळाला शिवते, तिथे दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोब्बर मधून काठीपर्यंतची रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. शुल्बसूत्रांत वेदी आखण्यासाठी हीच रीत सांगितली आहे.

निळासावळा | १० जून, रात्री ८:४०

तुरखाटीताई, आज पुण्यात पावसाने उघडीप दिली तेव्हा गच्चीत करून बघितलं. साडेबाराच्या सुमारास सावली दक्षिणेकडे पडली होती! मुलगा म्हणतोय आपण चुकलो. कुठे चुकलो?

तुरखाटी | १० जून, रात्री ९:१८

काहीच चुकलं नाही. मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून सावली दक्षिणेला. फार लांब नसते, मीटरभर काठीची आठ-नऊ सेंटिमीटर. दिशेची रेघ बरोबरच येते. फक्त तिचं कुठलं टोक उत्तर ते सूर्य उगवण्याच्या बाजूवरून ठरवायचं. मुलाला म्हणावं ही नोंद तारखेसकट वहीत ठेव आणि डिसेंबरात पुन्हा बघ. अजून एक : आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे. पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून तिथे खरी दुपार बाराला होत नाही. ऋतूप्रमाणे सव्वाबारा ते बारा-पन्नासच्या दरम्यान होते.

रेघोट्या | ११ जून, सकाळी ११:३०

सगळं छान आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. धाकट्याने काढलं ते चित्र आहे, नकाशा नाही. प्रमाण नसेल तर तो आराखडा, प्रमाण असेल तर नकाशा, हे शाळेतही शिकवतात. लहानपणापासून चुकीच्या गोष्टीला नकाशा म्हणायची सवय लागली तर पुढे भूगोल कच्चा राहतो. सहा वर्षांच्या मुलालाही उत्तर वर, सूची बाजूला, एवढं शिकवता येतं. विहीर घराहून मोठी असेल तर प्रेमाने सांगावं की असं नसतं.

पाऊलखुणा | ११ जून, दुपारी ४:१०

रेघोट्या, आराखडा आणि नकाशा यांतला फरक तुम्ही म्हणता तसाच आहे आणि लेकीला मी तो सांगितला. पण धाकट्याच्या विहिरीला मी हात लावणार नाही. ती विहीर त्याच्यासाठी तेवढीच मोठी आहे. त्याला 'असं नसतं' म्हटलं तर पुढच्या वेळी तो मला विचारून विचारून काढेल आणि मग तो माझा नकाशा होईल. प्रमाणाची गरज त्याला स्वतःला भासेल तेव्हा तो मोजेल. बहिणीच्या बटणांच्या नाडीकडे त्याचं लक्ष आहेच.

बांधावरून | ११ जून, सायंकाळी ५:००

मी पाऊलखुणांच्या बाजूने. काटेकोरपणावर माझं पोट चाललं, तरी सांगतो : ज्याला जागेची ओढ नाही त्याची मोजणीही चुकते.

रेघोट्या | ११ जून, रात्री ९:३५

काका, मुद्दा पोचला. एक मात्र सांगतो, भारताचा नकाशा करताना तरी अंदाजाने काढू नये. बाजारातल्या काही परदेशी कोड्यांत जम्मू-काश्मीरची सीमा चुकीची असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून बाह्यरेषा गिरवून घ्यावी.

काजवा | १२ जून, दुपारी १:४५

जुना कागद : दोन कप पाण्यात चार चमचे चहाची पूड उकळून, गाळून पूर्ण गार करा. कागद जाडसर हवा, ड्रॉइंगच्या वहीचा किंवा हातकागद. झेरॉक्सचा पातळ कागद फाटतो. आधी कागद चुरगळून गोळा करायचा, उलगडायचा, मग ताटात चहा ओतून पाच मिनिटं बुडवायचा. घड्यांत चहा जास्त शिरतो आणि तिथे गडद रेघा उमटतात. मधेमधे ओल्या कागदावर दोन-चार दाणे चहापूड तशीच टाका, सुरेख डाग पडतात. सुती कापडावर पसरून वाळवा, शेवटी कापड ठेवून मंद इस्त्री. चित्र वाळल्यानंतरच काढायचं. स्केचपेन पसरतं, म्हणून पेन्सिल किंवा बॉलपेन वापरा.

कडा मेणबत्तीवर जाळू नका, अगदी तुम्ही समोर असलात तरी. नंतर मूल एकटं असताना तेच करून बघतं. कडा बोटाला पाणी लावून फाडल्या आणि तिथे चहाचं दुसरं बोट फिरवलं की जळल्यासारख्याच दिसतात.

सह्यकडा | १४ जून, रात्री ११:२०

उंचीचं मी सांगतो, कारण गेल्या वर्षी आम्ही बापलेकांनी पुठ्ठ्याचा राजगड केला. सविस्तर लिहितोय.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. त्यांत दर २० मीटरला एक तपकिरी समोच्च रेषा असते. एका रेषेवर बोट ठेवून चालत गेलं तर ना चढ ना उतार. मुलाला हे कळावं म्हणून आधी एक बटाटा घेतला. अर्धा कापून पालथा ठेवला, सुरीने आडवे सारखे काप केले, खालचा काप कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, मग त्याच्यावरचा, मग त्यावरचा. कागदावर एकात एक कडी तयार झाली. बटाट्याची जी बाजू उभी होती तिथे कडी दाटीने आली, जिथे पसरट होती तिथे विरळ. "म्हणजे रेषा चिकटल्या की कडा!" हे त्याचं वाक्य. पुढे मला काही शिकवावं लागलं नाही.

मग राजगडाचा भाग चौपट मोठा करून ए-थ्री कागदावर झेरॉक्स काढला. प्रमाण झालं १:१२,५००, म्हणजे एक किलोमीटर आठ सेंटिमीटरचा. आता हिशेब बघा. ४० मीटर उंची या प्रमाणात ३.२ मिलिमीटर होते, आणि खोक्याचा साधा तीन प्लायचा पुठ्ठा असतो साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे एक आड एक रेषा घेतली की पुठ्ठ्याची जाडी आणि डोंगराची उंची जवळजवळ एकाच प्रमाणात बसतात. फुगवटा नाही, खोटा कडा नाही. जसा आहे तसा राजगड.

कार्बनने प्रत्येक रेषा वेगवेगळ्या पुठ्ठ्यावर उतरवायची. उतरवताना तिच्या आतली पुढची रेषाही त्याच पुठ्ठ्यावर फिकट काढून ठेवायची, नाहीतर वरचा थर नेमका कुठे चिकटवायचा ते कळत नाही. आमचे पहिले पाच थर यामुळेच वाया गेले. कापायचं काम कटरने मोठ्यांनीच करायचं, पुठ्ठा मुलांच्या कात्रीला दाद देत नाही. गिरवणं, क्रमांक घालणं, चिकटवणं मुलांचं. एका संध्याकाळी तीन थर, त्यापेक्षा जास्त नाही. रात्रभर वर वजनाला पुस्तकं ठेवायची, ओला डिंक पुठ्ठ्याला वाकवतो.

बाराव्या थराच्या आसपास माच्या (बालेकिल्ल्याखालचे पसरलेले सपाट भाग) वेगळ्या व्हायला लागल्या. उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, पश्चिमेकडे लांब जिभेसारखी संजीवनी, आणि मधे बालेकिल्ला. मुलगा त्याआधी दोनदा गडावर गेला होता, पण तीन माच्या तीन बाजूंना कशा पसरल्यात हे त्याने पहिल्यांदा वरून पाहिलं. त्याने टोच्याने सुवेळा माचीत नेढं (कड्यातलं आरपार भोक) पाडलं. प्रमाणात ते दिसणारसुद्धा नाही असं मी म्हणालो. तो म्हणाला, नेढ्याशिवाय सुवेळा होत नाही. राहू दिलं.

पाऊलखुणाताई, तुमच्या पाखाडीसाठी इतकं करायची गरज नाही. ६४ पायऱ्या गुणिले एका पायरीची उंची मोजा, आणि घराचा भाग तेवढे थर उचलून ठेवा.

पाऊलखुणा | १५ जून, सकाळी ७:३०

सह्यकडा, आज पोळ्या करता करता मोठ्याने वाचून दाखवलं. लेकीने बटाटा आधीच कापलाय. आजोबांना फोन करून पायरीची उंची मोजायला सांगितली. ते म्हणाले सगळ्या सारख्या नाहीत, मी प्रत्येक मोजून कळवतो.

डोंबिवलीची_आजी | १८ जुलै, दुपारी ३:१५

नातीसाठी मिठाच्या कणकेचा महाराष्ट्र केला होता. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाऊण ते एक वाटी पाणी. जूनच्या सुरुवातीला खडखडीत वाळला, रंगवला, शाळेत सगळ्यांना आवडला. जुलैत सह्याद्रीला घाम फुटला! मीठ हवेतलं पाणी ओढतं. कोकणपट्टी मऊ पडून वाकली आणि मुंग्या लागल्या. नात हिरमुसली आहे. काही उपाय?

काजवा | १८ जुलै, रात्री ८:०५

आजी, आपल्याकडच्या पावसाळ्यात कणीक नको. कागदाचा लगदा करा. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर भिजवून पिळायचे, मूठभर मेथी वेगळी भिजवून वाटायची आणि लगद्यात मळायची. पूर्वी घराघरांत कागदाच्या टोपल्या अशाच करायच्या. मेथी चिकटपणाही देते आणि कीडही लागू देत नाही. वाळायला पंख्याखाली चार-पाच दिवस लागतात, जाड थर एकदम देऊ नका. खळ करणार असाल तर चिंचोक्याची करा. जुनी माणसं खळीत मोरचूद घालायची, ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको.

बांधावरून | १९ जुलै, सकाळी ६:४०

नातीला एक गोष्ट जरूर सांगा. महाराष्ट्र पूर्व-पश्चिम साधारण आठशे किलोमीटर. तो ६० सेंटिमीटरांत बसवला तर १६४६ मीटरचं कळसूबाई शिखर जेमतेम सव्वा मिलिमीटर उंच येतं. म्हणून राज्याच्या प्रत्येक उठावाच्या नकाशात डोंगर मुद्दाम कितीतरी पट वाढवलेले असतात. तिने किती पट वाढवले ते तिने नकाशाच्या कोपऱ्यात लिहावं. तेवढं लिहिलं की नकाशा प्रामाणिक.

पोल्डरवासी | २ ऑगस्ट, रात्री १:१०

नेदरलँड्समधून लिहितेय. आमचं गाव हूफ्डॉर्प, १८५२ साली पंपांनी उपसून कोरड्या केलेल्या सरोवराच्या तळावर वसलंय. घरापासून समुद्र लांब, पण जमीन समुद्रसपाटीच्या खाली. सह्यकडांची कृती वाचून मुलीबरोबर करायला बसले आणि अडले, कारण इथे चढवायला काहीच नाही. मग तीच म्हणाली, समुद्राची पातळी सगळ्यात वरचा पुठ्ठा धरू आणि खाली कापत जाऊ. केलं तसं. आमचं घर, शाळा, सायकलचा रस्ता सगळं खड्ड्यात, आणि भोवतीचा बांध तेवढा वर. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. साताऱ्यात बसून आजी हादरलीच.

स्पर्शरेखा | ९ ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

माझी भाची अकरा वर्षांची आहे, तिला दिसत नाही. तिच्यासाठी घर ते बसथांबा असा हाताने वाचायचा नकाशा केला. आम्ही चुकत चुकत शिकलो, ते इथे लिहिते, कुणाला उपयोग होईल.

पहिल्या नकाशात मी हौसेने नऊ प्रकारचे पोत लावले. लोकर, वाळू, मोहरी, सॅटिन, काय काय. तिने दोन मिनिटं हात फिरवला आणि म्हणाली, "मावशी, खूप आवाज आहे यात." तेव्हा कळलं. आता फक्त चार : रस्ता म्हणजे दुहेरी लोकर, फुटपाथ म्हणजे सँडपेपर, इमारती पुठ्ठ्याच्या, आणि धोक्याच्या जागी बटण. दोन रेघांत बोटाचं टोक मावेल एवढी जागा सोडायची, नाहीतर दोन्ही एकच वाटतात. मोहरी, डाळ गळून पडते आणि उगीच चुकवते, ती नकोच. कागदाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापायचा, म्हणजे हातात घेताक्षणी सुलटा-उलटा कळतो. ब्रेल अक्षरं जागा खातात, म्हणून नकाशावर एकच अक्षर आणि सूची वेगळ्या कागदावर. कोलकात्याच्या नॅटमो या संस्थेने ब्रेलमधला नकाशासंग्रह काढला आहे, तो मोठ्या भूगोलासाठी. पण बसथांब्यापर्यंतचा नकाशा आपणच करायला हवा.

तिने त्यात एक जागा स्वतः घालायला लावली, बेकरी. तिथे वळण आहे हे तिला वासावरून कळतं. पाऊलखुणांच्या धाकट्याने वास काढला ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्याला बरोबर कळतंय."

पाऊलखुणा | ९ ऑगस्ट, रात्री १०:३०

स्पर्शरेखा, हे धाकट्याला उद्या सकाळी सांगते. तुमच्या भाचीला माझा नमस्कार.

सह्यकडा | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:००

दिवाळी आलीय म्हणून धागा वर काढतोय. यंदा किल्ला मातीचा, पण नकाशावरून करणार आहोत. ठिपक्यांच्या रांगोळीची युक्ती वापरतोय : छोट्या नकाशावर पेन्सिलने चौकटी पाडल्या आणि अंगणात तेवढेच ठिपके एक-एक फुटावर दिले. छोट्या चौकटीतली रेघ जिथून शिरते आणि जिथून बाहेर पडते तिथूनच मोठ्या चौकटीत काढायची. आकार चुकत नाही. विटा-दगड खाली, वर चाळलेली लाल माती, गोणपाट भिजवून मग लिंपायचं. अळीव पेरताना मुलं नकाशात जिथे हिरवा रंग आहे तिथेच पेरणार म्हणतायत, आणि उरलेला डोंगर उघडा ठेवणार. युनेस्कोच्या यादीत २०२५ साली आलेल्या बारा किल्ल्यांपैकी दरवर्षी एक, असा बेत आहे. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतलं जिंजी. सुरुवात खांदेरीपासून, कारण धाकटीला समुद्र करायचा आहे.

डोंबिवलीची_आजी | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

आमचा लगद्याचा महाराष्ट्र अख्खा पावसाळा निघाला. कोपऱ्यात नातीने लिहिलंय : 'डोंगर १२ पट उंच केले आहेत.' बांधावरून, तुमचे आभार.

पाऊलखुणा | २ नोव्हेंबर, रात्री ९:१५

दिवाळीत नकाशा पूर्ण झाला, कापडाचा. आई पुण्याला आली होती, तिच्या दोन जुन्या नऊवारींचे तुकडे घेऊन. गोधडीसारखाच केला. आगर हिरव्या काठाचं, खळं तपकिरी, पऱ्याला निळा पदर. लेकीचा चौकटीचा नकाशा खाली कार्बनने उतरवला आणि त्यावर तुकडे टाचले. उंची थरांनी न करता, पाखाडीपाशी कापडाच्या आत कापूस भरून घर उचललं. बाबांनी पायऱ्यांची उंची वहीच्या पानावर एकाखाली एक लिहून पाठवली होती, सगळ्या ६४. बेरीज आली साडेदहा मीटर.

आई शिवता शिवता थांबली आणि म्हणाली, "इथे फणस होता." मुलांनी तो पाहिलेलाच नाही, मी लहान असताना पडला. लेकीने विचारलं, कुठे नेमका? आईने डोळे मिटून पडवीपासून पावलं सांगितली, पंधरा सरळ, सहा डावीकडे. लेकीने तिथे हिरव्या दोऱ्याने तुटक टाक्यांचं वर्तुळ घातलं. सूचीत लिहिलं : तुटक टाका = आता नाही.

धाकट्याची विहीर आम्ही वेगळी केली नाही. त्याच नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, त्याने काढली तेवढीच मोठी, काळ्या कापडाची आणि लाल कडं.

शेवंती_०७ | २ नोव्हेंबर, रात्री ९:४०

किती सुंदर. तुटक टाक्याचं वाचून थांबलेच. पाखाडीला कोणता टाका घातलात? आणि कापूस भरल्यावर वरचं कापड चुण्या धरत नाही का?

पाऊलखुणा | २ नोव्हेंबर, रात्री १०:०५

पाखाडीला साखळीटाका, ६४ कड्या, मोजून. चुण्या आधी पडल्या होत्या. आईने वरचं कापड दोन बोटं मोठं कापायला लावलं आणि कडेने धावदोरा ओढून बसवलं, मग सपाट आलं. कापूस एकदम न भरता शेवटी उलट्या बाजूने छोटी चीर देऊन भरायचा.